कादंबरीचे वाचन आणि पुराव्याची पारख

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज संस्थेने यशस्वी मुलामुलींना गुलाबाचे फूल, एक कोरी वही आणि एक पुस्तक दिले. फूल संध्याकाळपर्यंत सुकेल. मी बोलणार आहे ते राहिलेल्या दोन वस्तूंविषयी.

सत्कारात पुस्तक देण्याची प्रथा आपल्याकडे कोठून आली हे सर्वांना ठाऊक आहे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, वस्तीतील लोकांनी सभा भरवून सत्कार केला आणि गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. धनंजय कीरांच्या चरित्रग्रंथात ही हकीकत अशीच आहे आणि प्रत्येक जयंतीला आपण ती ऐकतो. आता दुसरा कागद पाहा. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नाही, पुढे ती प्रकाशात आली. तीत बाबासाहेब स्वतः सांगतात की तो सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दलचा होता.

मग खरे काय? हा प्रश्न मी वर्गात टाकतो तेव्हा एखादा मुलगा ताडकन उठून म्हणतो, "सर, खुद्द बाबासाहेब सांगतात, मग विषय संपला." त्यावर एखादी मुलगी हळूच म्हणते, "पण त्यांनी ते पन्नास वर्षांनी आठवून लिहिलंय." तिसऱ्याला प्रश्न पडतो की कीरांचे पुस्तक कधी आले. ते आले १९५४ साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पाहा, दहा मिनिटांत तीन मुलांनी तीन चांगले प्रश्न विचारले. सांगणारा कोण, घटनेपासून किती वर्षे दूर, आणि चूक असती तर दुरुस्त करणारे कोणी होते की नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर मी बाबासाहेबांच्या आठवणीकडे झुकतो. कारण ते नुसता इयत्तेचा उल्लेख करून थांबत नाहीत. इतर समाजांच्या मानाने चौथी पास होणे हा काही सत्काराचा प्रसंग नव्हता, पण आमच्यातला येथवर पोचलेला पहिलाच मुलगा म्हणून लोकांना त्याचे अप्रूप वाटले, असे कारणही ते देतात. वडिलांनी आधी साफ नकार दिला, अशाने पोराच्या डोक्यात वारे शिरेल असे त्यांचे म्हणणे होते, हेही सांगतात. आठवणीला असे बारकावे चिकटलेले असले की ती सहसा उसनी नसते. तरीही मी "झुकतो" असाच शब्द वापरीन. (रामजी सुभेदारांचे म्हणणे येथे बसलेल्या पालकांनीही ध्यानात ठेवावे.)

त्याच प्रस्तावनेत पुढे जे आहे ते मला त्याहून मोलाचे वाटते. सुभेदारांच्या घरी रामायण-महाभारताचे वाचन होत असे. बुद्धाचे चरित्र वाचून झाल्यावर हा मुलगा वडिलांना विचारतो की तुम्ही आम्हाला हे ग्रंथ का वाचायला लावता. वडिलांचे उत्तर मोठे विचार करण्याजोगे होते. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याची भीती, तो जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण साधी माणसे, पण किती उंच गेली. वाल्मीकी कोळी, पण रामायणाचा कर्ता झाला. मुलाला यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोणांचे आणि कृष्णाचे वागणे त्याला पटत नव्हते. शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी राम जसा वागला तेही पटत नव्हते. त्याने ते बोलून दाखविले आणि वडील गप्प राहिले.

मित्रहो, कथेचा अभ्यास म्हणतात तो हाच. वडिलांनी कथा एका हेतूने वाचायला दिली, मुलाने तो हेतू ओळखला, त्याचा आदर केला आणि तरीही पात्रांची उलटतपासणी केली. पुढे हाच मुलगा कायद्याचा पंडित आणि इतिहासाचा संशोधक झाला. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या पद्धतीविषयी लिहिले आहे. अस्पृश्यतेच्या उगमाचा सरळ पुरावा मिळत नाही, दुवे तुटलेले आहेत, अशा वेळी संशोधकाला कल्पनाशक्तीचा आधार घेऊन दुवे जोडावे लागतात, असे ते सांगतात. आणि आधाराला कोणाला घेतात? मॅक्झिम गॉर्कीला, म्हणजे एका कादंबरीकाराला. शास्त्रज्ञाला आणि कलावंताला निरीक्षण, तुलना आणि कल्पना या गोष्टी सारख्याच लागतात असे गॉर्कीचे म्हणणे होते. शासनाच्या खंडमालेतील सातव्या खंडात ही प्रस्तावना आहे, ती मुळातून वाचावी.

आता पालकांची तक्रार. "सर, पोरगी कादंबऱ्या वाचत बसते, एमपीएससीचं काय करायचं?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पदवी येते आहे त्या घराला वेळ वाया घालविणे परवडत नाही. पण कादंबरी नीट वाचली तर वेळ वाया जात नाही. तिच्यात एकीकडे परकायाप्रवेश करावा लागतो आणि त्याच वेळी सांगणाऱ्यावर नजर ठेवावी लागते. पहिले काम सर्वांना जमते. दुसरे शिकवावे लागते.

मराठीतील पहिली कादंबरी असा जिचा मान आहे ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि गावोगावच्या विधवांची दुःखे तिच्या कानी येतात. वाचताना जीव कळवळतो. पण पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, आणि कादंबरीची नायिका शेवटी त्याच धर्मात जाते. लेखकाला काहीतरी पटवून द्यायचे आहे. हे कळल्याबरोबर काही हुशार मुले पुस्तक मिटून म्हणतात, "मग हा प्रचार झाला." तेथे मी त्यांना अडवतो. हेतू कळला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. कोर्टात सुद्धा साक्षीदार वादीचा भाऊ निघाला तर त्याची साक्ष फेकून देत नाहीत, जपून ऐकतात.

याहून अवघड प्रश्न एकदा एका विद्यार्थिनीने विचारला होता. "सर, या विधवा सगळ्या वरच्या जातीच्याच का? आमच्यात तर पाट लागायचा." मी कितीतरी वर्षे ती कादंबरी शिकवीत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. ज्या जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती तिथल्या बाईच्या कपाळी दुःख नव्हते असे नाही. ते भाकरीचे, कामाचे, गावकीचे होते, आणि ते 'विधवांच्या स्थिती'च्या निरूपणात बसत नव्हते. पुस्तकात काय आहे ते सगळेच वाचतात. काय नाही ते बघायला दुसरीकडून आलेला वाचक लागतो. तुम्ही तो वाचक आहात, म्हणून तुमचे वाचन आम्हाला हवे आहे.

आणि त्या बाईचे दुःख लिहिणारी कोणी नव्हती असेही नाही. 'यमुनापर्यटन'च्या दोन वर्षे आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती, वय चौदाच्या आसपास. हे 'ज्ञानोदय' १८४२ साली आपल्या नगर शहरात सुरू झालेले, म्हणून आपला तेवढा अभिमान. ही मुलगी विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचे धर्मपुस्तक कोणते. उघड्यावर, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती लिहिते. ते तिने आजूबाजूला पाहिलेले असणार. बाजीरावाच्या राज्यातला जाच लिहिते तो मात्र तिने पाहिलेला नाही. ते राज्य १८१८ साली बुडाले, तिचा जन्म त्यानंतर वीस-एक वर्षांनी. म्हणजे एकाच निबंधात पाहिलेले आणि ऐकलेले शेजारी शेजारी आहे. ऐकलेले म्हणून टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. सांगणारी आजी-आजोबांची पिढी तेव्हा जिवंत होती. पण कोणते वाक्य कोणत्या जातीचे (ही जात मात्र आपल्याला पाळलीच पाहिजे!) ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचे.

अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'वर फार बोलत नाही, तुमच्यापैकी पुष्कळांनी ती वाचली आहे. १९५९ साली ती आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. पोलिसांच्या दप्तरात खजिना लुटणाऱ्यासाठी एकच शब्द असतो, दरोडेखोर. कादंबरीत त्याच कृत्यामागे उपाशी मांगवाडा-महारवाडा उभा राहतो. दप्तर खोटे नसते, पण ते उपासमारीची नोंद करीत नाही. आणि कादंबरी खरी असली तरी तिच्यातला प्रत्येक संवाद तसाच झाला असे अण्णाभाऊंनीही कधी म्हटले नसते.

आता आपल्या जिल्ह्यात या. याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण मी ज्या जुन्या ग्रंथाविषयी बोलतो आहे त्यावर अहमदनगर हेच नाव आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड, १८८४ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेला. पाऊस किती, पिके कोणती, किल्ले कोणते, बाजार कोणत्या वारी, सारे त्यात आहे. माझ्या टेबलावर तो कायम असतो आणि त्याच्याशिवाय माझे पान हलत नाही. जातींची वर्णनेही आहेत. महार गावाबाहेर राहतात, काय नेसतात, कोणते दागिने घालतात, काय खातात, गावकीची कोणती कामे करतात. माहिती सरकारी अंमलदारांनी आणि त्यांच्या हाताखालच्यांनी जमविलेली. आपली माणसे त्या पानांवर आहेत, चालतात, ओझी वाहतात, लग्ने करतात, पण त्यांपैकी एकही तोंड उघडत नाही.

शंभर वर्षांच्या आतच त्यांतल्या एकाने तोंड उघडले. अकोले तालुक्यातील धामणगावी १९३५ साली जन्मलेल्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने काढले. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे मला माहीत आहे. पण ते वाचायला कादंबरीचीच तयारी लागते, म्हणून आजच्या विषयात घेतो. गॅझेटियरमध्ये जे 'गावकीची कामे' या दोन शब्दांत उरकते ते येथे एका मुलाच्या डोळ्यांपुढे घडते, आणि बलुतं मागायला जाणाऱ्या आईची मान कशी होते हे कोणत्याही सरकारी खंडात सापडत नाही.

या पुस्तकाची रचना ध्यानात घ्या. दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी दया पवार नावाच्या माणसाला सांगतो. दोघे एकच. मला पूर्वी ती लेखकाची हौस वाटे. पुढे शिकवताना कळले की हा साक्षीदार स्वतःलाच पिंजऱ्यात उभा करून स्वतःच वकील झाला आहे. शिकलेला, साहित्यात नाव झालेला पवार न शिकलेल्या दगडूकडे पाहतो, आणि दगडूही त्याच्याकडे पाहतो. सांगणारा सांगता सांगता बदलला आहे, पहिल्या दिवसाची लाज आज तशीच आठवेल याची खात्री नाही, हे पुस्तकच आपल्या बांधणीतून कबूल करते. इतके प्रामाणिक साधन इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचित मिळते.

हे पुस्तक आले तेव्हा आपल्याच लोकांपैकी काही रागावले. घरातली धुणी चौकात कशाला धुता, हा त्यांचा सवाल होता. दारू, मारहाण, कावाखान्यातले जगणे, स्वतःच्या वडिलांविषयी लिहिलेले, हे सारे त्यांना बोचले. मी तेव्हा तरुण होतो आणि खरे सांगायचे तर रागावलेल्यांत मीही होतो. आज मला उलट वाटते. जो साक्षीदार स्वतःच्या घराचे उणे लपवीत नाही त्याने गावाविषयी दिलेली साक्ष फोडणे कठीण जाते.

तरी एकाच साक्षीवर निकाल देऊ नये. वर्गात 'बलुतं' चालू असताना अकोल्याकडचीच एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आजी म्हणते, बायकांचं यात कमीच आहे." मी तिला फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' दिले. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले, त्याआधी 'स्त्री' मासिकातून प्रसिद्ध झाले होते. त्यात वाड्यातल्या सुनांचे जे हाल आहेत, पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे, तो तिने आजीला वाचून दाखविला. आजी थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग स्वतःची हकीकत सांगू लागली. त्या मुलीचा शोधनिबंध तेथून सुरू झाला. गॅझेटियर, 'बलुतं', 'जिणं आमचं' आणि आजी. चार साधने आणि चारही एकमेकांना कोठे ना कोठे कापतात. जेथे कापतात तेथेच अभ्यास सुरू होतो.

कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्य विद्यापीठांचे शास्त्र आहे. उपासकहो, महापरिनिब्बान सुत्त काढून पाहा. भोगनगरात तथागतांनी भिक्खूंना चार महापदेस सांगितले. एखादा भिक्खू म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल संघाकडून ऐकले. तिसरा, अनेक बहुश्रुत थेरांकडून. चौथा, एका थेराकडून. तथागत काय सांगतात? त्याचे स्वागतही करू नका, धिक्कारही करू नका. शब्द नीट ध्यानात घ्या आणि सुत्ताशी, विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. मी पुष्कळ पुस्तके चाळली, पण साधनांच्या परीक्षणाचा याहून सभ्य नियम मला आढळला नाही. त्यात सांगणाऱ्याचा अपमान नाही आणि त्याच्या मोठेपणाची सूटही नाही.

कालामांना केलेला उपदेश आपल्या फलकांवर नेहमी असतो. पण तोही अर्धाच असतो. ऐकीव, परंपरा, ग्रंथ, गुरूचा मान यांवर विसंबू नका एवढेच आपण लिहितो आणि "मला पटेल तेच खरे" असा त्याचा अर्थ करतो. त्याच यादीत नुसता तर्क आणि आपल्या मताशी जुळते म्हणून मान्य करणे हेही आहे. म्हणजे मला आवडले म्हणून खरे, हा रस्ताही तथागतांनी बंद केला आहे. परिणाम काय होतो, कुशल की अकुशल, आणि शहाणी माणसे त्याला काय म्हणतात, हे पाहायला सांगितले आहे.

बाबासाहेबांनी हेच केले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने यापूर्वी म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नव्हते हे कसे मानायचे? अशा गोष्टी तर रोज शेकड्यांनी घडतात. म्हणून त्यांनी शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा धागा घेतला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी त्याआधीच सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधारे त्याच दिशेने गेले होते. शिवाय त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी असेही दाखविले की भगवंताचे बोलणे त्यांच्या हयातीतच चुकीचे सांगितले जात होते. त्याची पाच उदाहरणे त्यांनी सुत्तांतून काढून दिली. श्रद्धा असलेल्या ग्रंथावर असे काम करायला किती धैर्य लागले असेल याचा विचार करा.

येथे आपल्या भुईकोट किल्ल्याची एक आठवण सांगतो. १९४४ साली तेथे कैदेत असताना नेहरूंनी भारताच्या शोधाचा तो मोठा ग्रंथ पाच महिन्यांत लिहिला हे शाळेतली मुलेही सांगतात. त्याच कैदेत बौद्ध विद्येचे पंडित आचार्य नरेंद्र देव होते आणि वसुबंधूच्या अभिधर्मकोशावर त्यांचे काम तेथे चालू होते, हे मात्र आपल्या बौद्ध मुलांनाही ठाऊक नसते. नेहरूंनी प्रस्तावनेत या सोबत्यांचे ऋण मानले आहे. तुरुंगात ग्रंथालय नव्हते, पण शेजारच्या खोलीत विचारायला माणूस होता.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नगरहून पुण्याला जाताना कोरेगावचा विजयस्तंभ लागतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, आपणही जातो. दर डिसेंबरात माझ्या मोबाइलवर संदेश येतात की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापून काढले. त्यांतले काही माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांचे असतात. तेव्हा माझी झोप उडते, कारण हे वाक्य आपला विरोधक पाच मिनिटांत फोडू शकतो. अठ्ठावीस हजार हा पेशव्यांच्या साऱ्या फौजेचा अंदाज. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते त्यामानाने पुष्कळ थोडे. पाचशे हे पायदळ; सोबत घोडेस्वार आणि तोफखाना होता, आणि पायदळात इतर जातींचेही शिपाई होते. शत्रू कापून काढला गेला नाही, तो माघारी गेला. विरोधक एवढे सांगतो आणि म्हणतो, बाकी सारेही असेच खोटे.

पण स्तंभ स्वतः काय सांगतो? त्यावर कंपनीच्या पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही नावे कोणी आपल्या प्रेमापोटी कोरली नाहीत. कंपनी सरकारने आपल्या विजयाची जाहिरात म्हणून तो दगड उभारला. ज्याला आपली बाजू घेण्याचे कारण नव्हते त्याच्या हातून आलेली ही नोंद आहे, म्हणून ती भक्कम. ज्यांना तालमीवरून जाण्याची बंदी होती त्यांनी दिवसभर अन्नपाण्यावाचून ठाणे सोडले नाही, एवढी गोष्ट त्या बावीस नावांत आहे. तिला अठ्ठावीस हजारांची गरज नाही. मग फुगवायचे कशाला? खरा दागिना असताना मुलामा कोणी चढवीत नाही.

आणि बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची, अमृतनाकाची कथा? ती मी आजही आनंदाने सांगतो. बादशहाची सनद म्हणून नव्हे. अमृतनाक आपल्या निष्ठेचा पुरावा आधीच बंद डबीत घालून बादशहाकडे ठेवून जातो. आपल्यावर संशय घेतला जाणारच आणि नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे जाणणाऱ्या समाजानेच अशी गोष्ट रचावी. कादंबरी वाचायला शिकलेल्या विद्यार्थ्याला हे दिसते. न शिकलेला एक तर ती इतिहास म्हणून भांडतो, नाही तर थाप म्हणून फेकून देतो.

आता कोरी वही. कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा १९५९ साली अमलात आला. त्याआधी ज्यांनी स्वतः गावकी केली, सांगावे नेले, चावडीपुढे उभे राहिले, ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. येथे मागच्या दोन रांगांत काही बसली आहेत, मी ओळखतो. दर वर्षी त्यांतली थोडी कमी होतात. त्यांचे बोलणे कोणत्याही गॅझेटियरात नाही आणि प्रत्येक गावाला दया पवार मिळत नाही. तेव्हा आज मिळालेल्या वहीत तुमच्या आजी-आजोबांचे लिहून घ्या. डाव्या पानावर त्यांचे शब्द, त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता. उजव्या पानावर तारीख, गाव, सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय, पाहिले की ऐकले, ऐकले तर कोणाकडून. दोन भावांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही लिहा, भांडण मिटवू नका. मोबाइलवर आवाज घेतलात तरी चालेल, पण आधी विचारून. एखादी गोष्ट सांगणाऱ्याने छापू नका म्हटले तर छापायची नाही.

पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी विहारात बसणार आहे. वही घेऊन या, निदान चार पाने भरून. अक्षर कसेही असो. चहाची व्यवस्था संस्थेने करावी अशी अध्यक्षांना आत्ताच सर्वांसमोर विनंती करतो, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. मागच्या दोन रांगांतल्या आजी-आजोबांनीही यावे. पहिल्या दिवशी लिहायला मुले कमी पडली तर एक वही मीही आणतो.

जयभीम. नमो बुद्धाय.